कुंडलिकेत राफ्ट उतरवण्याआधी: कोलाडच्या राफ्टिंगची तयारी, पायरी पायरीनं

रायगड जिल्ह्यातल्या कोलाडला, कुंडलिका नदीवर, राफ्टिंग (फुगवलेल्या रबरी होडीतून खळाळत्या पाण्यातला प्रवास) ठरलं की बहुतेक गटांत चर्चा होते ती गाड्या किती, मुक्काम कुठे आणि शनिवारी रात्री जेवायला काय, याची. नदीचा विचार सकाळी लाइफ जॅकेट अंगावर चढवताना सुरू होतो. सोबत गाइड आहे, तो बघून घेईल, असं सगळ्यांनी धरलेलं असतं. गाइड बघतोच, पण राफ्ट तो एकटा चालवत नाही. तो मागे बसून दिशा ठरवतो. राफ्टला वेग येतो तो पुढे बसलेल्या सहा-आठ जणांनी वल्ही मारल्यावर. ऐन लाटेच्या तोंडाशी या सहा-आठ जणांनी वल्ही सोडून दोरी धरली, तर कितीही मुरलेला गाइड असो, त्याच्या हातात फारसं काही राहत नाही. हा लेख त्या सहा-आठ जणांसाठी आहे. पोहता येत असो वा नसो, यातली प्रत्येक गोष्ट आधी घरी बसून समजून घेता येते.

पाणी येतं कुठून

कोकणातल्या बहुतेक नद्या दिवाळीनंतर आटत जातात. कुंडलिकेत मात्र ऐन मे महिन्यातही राफ्ट चालतात, आणि त्याचं कारण घाटावर आहे. मुळशी धरणाचं पाणी बोगद्यातून आणि मोठाल्या नळांतून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात येतं, जनित्रं फिरवतं आणि मग कुंडलिकेच्या पात्रात सुटतं. मुळा नदीचं हे पाणी मुळात पूर्वेला, भीमेच्या खोऱ्यात जाणारं. टाटांच्या प्रकल्पानं ते पश्चिमेकडे वळवलं. याच धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला. तरीही धरण झालं, मावळातली गावं पाण्याखाली गेली आणि १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. राफ्टमध्ये बसणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं. ज्या लाटेवर आपण आनंदानं ओरडतो, ते पाणी कुणाच्या तरी भातखाचरांवर साठलेलं आहे.

तयारीच्या दृष्टीनं यातून तीन गोष्टी निघतात.

पहिली म्हणजे वेळ. पाणी वीजनिर्मितीच्या वेळापत्रकानुसार सुटतं, साधारणपणे सकाळी, आणि राफ्टिंग त्या काही तासांतच उरकावं लागतं. आठ-साडेआठला हजर राहा असं सांगितलं असेल तर ती खरीच वेळ समजा. रस्त्यात चहाला अर्धा तास जास्त गेला, तर तेवढ्यासाठी पाणी थांबत नाही. दुसरी म्हणजे खात्री. एखाद्या दिवशी पाणी उशिरा सुटतं, कमी सुटतं किंवा सुटतच नाही. आदल्या संध्याकाळी फोन करून ‘उद्या पाणी आहे ना? किती वाजता?’ एवढं विचारून घ्या.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. संध्याकाळी मुक्कामी पोहोचल्यावर समोर जवळजवळ कोरडं पात्र दिसतं, मधोमध मोठाले काळे दगड असतात आणि फोटो काढायला तिथवर चालत जायचा मोह होतो. जाऊ नका. हे पात्र पाणी सोडल्यावर बघता बघता भरतं. वरचा पाऊस दिसत नाही, ढग नसतात, तरी पाणी वाढतं. भोंगा वाजला किंवा पाण्याचा आवाज बदलला, तर वस्तू गोळा करत बसायचं नाही, सरळ काठावर यायचं. लहान मुलं सोबत असतील तर मुक्कामाच्या जागेपासून नदीकडे उतरणारी वाट कुठे आहे, हे आल्या आल्या पाहून ठेवा.

कधी जायचं

नद्यांच्या खळाळाची अवघड-सोपी मोजणी जगभर एका ते सहा अशा श्रेणींत होते. पहिली श्रेणी म्हणजे वाहतं पण शांत पाणी. सहावी म्हणजे जिथे जिवाची खात्री देता येत नाही असं पाणी. कोलाडला साजे गावाजवळ राफ्ट पाण्यात उतरतात, तिथून खालचा साधारण १२ किलोमीटरचा टप्पा दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचा आहे. लाटा अंगावर येतात, राफ्ट उसळते, पण वाट मोकळी असते. नवख्यांसाठी ही चांगली नदी आहे. गंगेवर शिवपुरीहून ऋषिकेशला येताना याच्यापेक्षा दांडगं पाणी लागतं, आणि तिथे पावसाळ्यात राफ्टिंग बंद असतं.

पहिल्यांदा जात असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडा. पाणी नितळ असतं, सोडलेलंच पाणी असल्यानं त्याचा अंदाज असतो, आणि ऊन सोसतं. डिसेंबर-जानेवारीत सकाळचं पाणी चांगलंच गार लागतं, त्याची मनाची तयारी हवी. एप्रिल-मेमध्ये पाण्यात बरं वाटतं, पण काठावरचा कोकणातला उकाडा थकवतो.

पावसाळ्याबद्दल मी थोडी कडक आहे. जून ते सप्टेंबर कोलाडला सगळ्यात जास्त गर्दी असते, हिरवागार परिसर असतो, आणि नदीही तेव्हाच सगळ्यात बेभरवशाची असते. धरणातून सोडलेल्या पाण्यात दोन्ही बाजूंचे ओढे-नाले येऊन मिळतात, आणि ताम्हिणीचा हा पट्टा राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या पट्ट्यांपैकी आहे. पावसाळ्यात जायचंच असेल तर आदल्या दिवशी हवामान खात्याचा रायगड जिल्ह्यासाठीचा इशारा बघा. लाल इशारा असेल तर कुणाला विचारत बसू नका, सहल पुढे ढकला. आयोजकानं ‘पाणी फार आहे, आज नाही’ असं म्हटलं, तर तो चांगला आयोजक आहे असं समजा. त्याच्याशी पैशांवरून वाद घालून त्याला नदीत उतरायला भाग पाडणारे गट मी पाहिले आहेत, आणि ते पाहून फार वाईट वाटतं.

कुणाबरोबर जायचं

इंटरनेटवर दिसणारे निम्मे क्रमांक एजंटांचे असतात. ते बुकिंग घेतात आणि तुम्हाला दुसऱ्याच्या हवाली करतात. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: राफ्ट आणि गाइड तुमचे स्वतःचे की दुसऱ्याचे? दुसऱ्याचे असतील तर त्याच्याशी थेट बोला.

महाराष्ट्र शासनानं २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं आणि अशा उपक्रमांच्या आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायला सांगितलं. तुमच्या आयोजकाची नोंदणी आहे का, हे सरळ विचारा. ज्याच्याकडे कागद आहे तो विचारल्यावर चिडत नाही, फोटो पाठवतो. मग पुढचे प्रश्न: एका राफ्टमध्ये किती जण बसवता? सोबत सेफ्टी कयाक असते का? म्हणजे राफ्टच्या पुढे-मागे एकटा माणूस छोट्या होडीतून चालत असतो आणि कुणी पाण्यात पडलं तर आधी तो पोहोचतो. गाइडला प्रथमोपचाराचं आणि जलबचावाचं प्रशिक्षण आहे का? विमा कशाकशाला लागू आहे? नदीच्या टप्प्यात रस्ता जवळ कुठे येतो, आणि कुणाला बाहेर काढावं लागलं तर गाडी कुठे असते?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कसं येतं याकडे माझं सगळ्यात जास्त लक्ष असतं. ज्यानं विचार केलेला असतो तो जागांची नावं सांगतो. ज्यानं केलेला नसतो तो ‘काही होत नाही हो ताई’ म्हणतो. भाव करताना शे-दोनशे रुपयांसाठी या दुसऱ्या माणसाकडे जाऊ नका.

तब्येतीचं खरं सांगा

काठावर एक कागद भरून घेतात. त्यात हृदयविकार, रक्तदाब, फिट येणं, दमा, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, पाठीचं किंवा मानेचं दुखणं, गरोदरपण असं विचारलेलं असतं. मागे रांग असते, कागदावर पटापट ‘नाही’ लिहून सही होते. असं करू नका. हे सगळं आठवडाभर आधी फोनवर सांगा, म्हणजे सगळ्या गटासमोर अवघडल्यासारखं होणार नाही.

गरोदर असाल, फिट येत असेल, हृदयाचा त्रास असेल किंवा सहा महिन्यांत मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, तर राफ्टमध्ये बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. खांदा पूर्वी निखळला असेल तरीही नको, कारण वल्हं मारताना किंवा राफ्टमध्ये ओढून घेताना तो पुन्हा निखळू शकतो. दम्याचा इन्हेलर गाइडच्या पाणबंद पिशवीत ठेवायला द्या आणि तो कोणत्या खिशात आहे हे सोबतच्या एकाला सांगून ठेवा. मधुमेह असेल तर ग्लुकोजची पुडी तशीच द्या. वजन जास्त असेल तर आपल्या मापाचं जॅकेट आहे का, हे आधीच विचारा. काठावर जाऊन बक्कल लागत नाही असं कळलं तर दिवस फुकट जातो.

कोलाडला साधारण १४ वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत. मूल अंगानं थोराड आहे म्हणून वय वाढवून सांगू नका. प्रश्न उंचीचा नाही, लाट आली असताना सांगितलेलं ऐकून तसं करता येतं का, याचा आहे. घरातली लहान मुलं आणि आजी-आजोबा काठावरच्या गाडीतून राफ्ट संपते तिथे येऊ शकतात. तशी सोय आहे का विचारून ठेवा.

आधीचे पंधरा दिवस

पोहता येणं गरजेचं नाही, हे खरं आहे. पण पाण्यात तोंड बुडाल्यावर घाबरून हातपाय झाडणं आणि घाबरूनही श्वास सांभाळणं यात फार फरक आहे, आणि तो फरक आठ-दहा दिवसांत पडतो. गावातल्या किंवा सोसायटीच्या तलावात जा, प्रशिक्षकाला सोबत घ्या आणि दोनच गोष्टी करा. पाठीवर पडून, पाय वर आणि हनुवटी छातीकडे ठेवून तरंगायचं. आणि तोंड पाण्याखाली घालून हळूहळू श्वास सोडायचा. रोज वीस मिनिटं पुरेत. लाइफ जॅकेट मिळालं तर ते घालून करा. जॅकेट कसं वर उचलतं हे एकदा अंगाला कळलं की अर्धी भीती जाते.

पोट आणि कंबर याही लागतात. वल्हं हातानं मारतात असं वाटतं, पण हातानं मारलं तर दहा मिनिटांत दंड भरून येतात. खरा जोर कमरेतून पुढे वाकण्यात आणि मागे येण्यात आहे. घरी पाटावर बसून, हातात केरसुणीचा दांडा किंवा काठी धरून ही हालचाल रोज करून बघा. जोडीला उठाबशा आणि प्लँक.

अंगावर काय, पायांत काय

जीन्स नको. भिजली की जड होते, थंड राहते आणि पाय वर उचलू देत नाही. सुती टी-शर्टचंही तेच. पटकन वाळणारा नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि तशीच ट्रॅक पँट किंवा लेगिंग्ज घाला. व्यायामशाळेत जायचे कपडे चालतात. पूर्ण बाह्या उन्हासाठी जितक्या, तितक्याच जॅकेटच्या कडेनं काख आणि मान सोलवटू नये यासाठी. ओढणी, सैल कुर्ता, गळ्यात लोंबणारं काहीही नको.

पायांत घोट्यामागे पट्टा असलेल्या सँडल किंवा जुने कॅनव्हासचे बूट. स्लिपर पहिल्याच लाटेत जातात, आणि मग काठावरच्या शेवाळलेल्या दगडांवरून अनवाणी चालावं लागतं. अनवाणी तर मुळीच जाऊ नका. पात्रात फुटक्या बाटल्याही असतात.

दागिने घरीच काढून ठेवा. मंगळसूत्र, जोडवी, अंगठ्या, कानातलं, मनगटावरचे गोफ, सगळंच. मंगळसूत्र काढायला बऱ्याच जणींचं मन धजत नाही, आणि घरातली मोठी माणसंही कुरकुरतात. पण जॅकेटच्या पट्ट्यात ते अडकून ओढलं गेलं तर गळ्याला इजा होते, आणि तुटून नदीत गेलं तर आयुष्यभराची चुटपुट. आदल्या संध्याकाळी शांतपणे काढून कपाटात ठेवा. अंगठी तर नक्कीच काढा, कारण थंड पाण्यात बोटं आकसतात आणि ती सहज निसटते.

चष्मा असेल तर डोक्यामागून बांधायची दोरी घ्या. खेळाच्या दुकानात मिळते, नाहीतर जाड इलॅस्टिक शिवून घ्या. कॉन्टॅक्ट लेन्स नदीच्या पाण्यात टाळलेल्या बऱ्या. केस मानेशी, खाली बांधा; वर अंबाडा घातला की हेल्मेट नीट बसत नाही. मोबाइल गाडीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत गळ्यात अडकवलेला मोबाइल वल्हं मारताना छातीवर आपटतो आणि लक्ष तिकडेच राहतं. गाडीची रिमोटवाली किल्ली भिजली तर परतीचे वांधे होतात, ती तळावर ठेवायला द्या.

आदली रात्र आणि ती सकाळ

दारू नको. आदल्या रात्रीचीही नको. कोलाडच्या कँपांवर शनिवारची रात्र कशी जाते, हे सगळ्यांना माहीत आहे. झोप न झालेल्या, अंगातलं पाणी कमी झालेल्या माणसाला सकाळी ‘गेट डाउन’ (राफ्टच्या तळाशी बसा) हा गाइडचा हुकूम ऐकू येतो, पण शरीर अर्धा क्षण उशिरा हलतं, आणि राफ्टमध्ये तो अर्धा क्षण मोठा असतो. गटात कुणी सकाळीही तर्र दिसला, तर त्याला बसवू नका असं गाइडला सांगायला लाजू नका. तुमच्या राफ्टमध्ये तोही वल्हं मारणार असतो.

नाश्ता दीड-दोन तास आधी आणि बेताचा: पोहे, उपमा, केळं. मिसळ आणि वडे नंतरसाठी ठेवा. पाणी मात्र भरपूर प्या. पुण्याहून येणाऱ्यांनी मुळशी-ताम्हिणी-विळे-सुतारवाडी असा रस्ता धरला, तर घाटाच्या वळणांमुळे काहींना मळमळतं; मग आदल्या रात्रीच पोहोचलेलं बरं. मुंबईकरांना पनवेल, पेण, वडखळ, नागोठणे असा महामार्ग आहे. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर, पण वेळ रस्त्याच्या अवस्थेवर अवलंबून. रेल्वेनं दिव्याहून रोह्यापर्यंत मेमूनं येता येतं; तसं आलात तर मुक्काम धरूनच चाला.

जॅकेट आणि हेल्मेट

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. तळावर जॅकेटांचा ढीग असतो, लोक रंग बघून उचलतात. तुम्ही आधी बकला बघा: सगळ्या आहेत का, ‘कट्’ आवाज करून बसतात का, ओढल्यावर सुटत तर नाहीत? आतला फोम दाबून बघा. चपटा होऊन तसाच राहिला तर जॅकेट म्हातारं झालं आहे, दुसरं घ्या.

घालताना आधी सगळे पट्टे सैल करा, मग बकला लावा, आणि खालून वर या क्रमानं आवळत जा. कमरेचा आधी, मग पोटाचा, मग छातीचा, शेवटी खांद्यांचे. कोलाडचे पोरगे हे सफाईनं करून देतात. एका मावशींच्या जॅकेटचा पट्टा आवळताना त्यांचं चाललं होतं, ‘अरे भाऊ, घट्ट होतंय, श्वास घेता येत नाही.’ तो म्हणाला, ‘मावशी, बोलताय म्हणजे श्वास येतोय. पाण्यात गेल्यावर हे वर सरकतं, आत्ता सैल ठेवलं तर तोंडावर येईल.’ मग त्यानं दोन्ही खांद्यांचे पट्टे धरून जॅकेट जोरात वर उचललं. ते हनुवटीपाशी थांबलं, तेव्हा कुठे त्यांना सोडलं. हीच परीक्षा तुम्ही एकमेकांची घ्या. वर ओढल्यावर जॅकेट कानांपर्यंत येत असेल तर ते सैल आहे किंवा मापाचं नाही. लोंबणारी पट्ट्यांची टोकं आत खोचा.

हेल्मेट कपाळ झाकून, भुवयांच्या वर दोन बोटं बसलं पाहिजे. मागे सरकलेलं हेल्मेट कपाळाला काहीच संरक्षण देत नाही. हनुवटीचा पट्टा लावून डोकं जोरात हलवा. हेल्मेट डोक्याबरोबर फिरलं पाहिजे, डोक्यावर फिरता कामा नये.

गाइड बोलत असताना

राफ्ट पाण्यात ढकलायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं सूचना देतात. बरेच गाइड उत्तराखंड-नेपाळकडचे, काही इथलेच. सूचना हिंदी-इंग्रजी मिसळून असतात. हा वेळ सेल्फीसाठी नाही. समजलं नाही तर हात वर करून पुन्हा विचारा, सगळ्यांचाच फायदा होतो.

हुकूम मोजकेच असतात. ‘फॉरवर्ड’ म्हणजे पुढे वल्हवा, ‘बॅक’ म्हणजे उलटं, ‘स्टॉप’ म्हणजे वल्हं पाण्याबाहेर. ‘लेफ्ट बॅक’ म्हटलं की डावीकडच्यांनी उलटं, उजवीकडच्यांनी पुढे मारायचं, राफ्ट डावीकडे वळते. ‘गेट डाउन’ म्हणजे काठावरून आत, तळाशी बसायचं, एका हातानं दोरी, दुसऱ्या हातात वल्हं उभं. ‘हाय साइड’ क्वचितच येतो: राफ्ट दगडाला आडवी लागली की सगळ्यांनी दगडाच्याच बाजूला झेप घ्यायची. मन उलट सांगतं, दगडापासून लांब पळावंसं वाटतं, आणि तसं केलं की पाण्याकडची बाजू दबून राफ्ट उलटते. म्हणून हा हुकूम कोरड्या जमिनीवर एकदा करून बघा.

बसायचं राफ्टच्या फुगलेल्या कडेवर, पाय पुढच्या आडव्या नळीखाली खोचून. पावलं घट्ट बसावीत, पण अडकू नयेत. वल्ह्याच्या वरच्या टोकाला टी आकाराची मूठ असते. एक हात तिच्यावर, आणि तो कधीही सुटू द्यायचा नाही. राफ्टिंगमध्ये शेजाऱ्याचे दात पडतात ते बहुतेक याच मुठीनं. पुढच्या दोघांनी लय ठेवायची, मागच्यांनी ती बघून मारायचं. म्हणून पुढे दोन ताकदवान माणसं बसवण्यापेक्षा दोन समजूतदार माणसं बसवा.

पहिली मोठी लाट येते तेव्हा राफ्टचं नाक खाली जातं, समोर पाण्याची भिंत दिसते आणि सगळ्यांचे हात आपोआप थांबतात. मागून ‘फॉरवर्ड! फॉरवर्ड!’ ऐकू येत असतं. त्याच क्षणी वल्हं पाण्यात घाला. ते पाण्यात असलं की तुम्हाला आधार मिळतो. हवेत असलं की तोल जातो. राफ्ट वेगानं लाटेत शिरली तर ती पलीकडे निघते, थांबली तर आडवी होते.

पाण्यात पडलात तर

हे होऊ शकतं आणि बहुतेक वेळा काही सेकंदांत संपतं. पहिली गोष्ट, वल्हं शक्यतो सोडू नका आणि राफ्ट हाताशी असेल तर बाहेरची दोरी धरा. राफ्टखाली आलात तर दोन्ही हात वर करून राफ्टला टेकवा आणि एकाच दिशेनं ढकलत बाहेर या. दिशा बदलत राहिलात तर उगाच वेळ जातो.

राफ्ट लांब गेली असेल तर पाठीवर पडा, पाय वाहत्या दिशेला आणि पावलं पाण्यावर दिसतील इतकी वर, गुडघे किंचित वाकवलेले. दगड आला तर तो पायांना लागेल, डोक्याला नाही. लाट अंगावर येताना तोंड बंद, दोन लाटांमधल्या खोलगट जागेत श्वास.

आणि वाहत्या पाण्यात उभं राहू नका. हे वाक्य मोठ्यानं वाचा, सोबतच्यांना ऐकवा. पाणी छातीएवढंच दिसतं, पाय टेकतील असं वाटतं, माणूस उभा राहतो आणि पाऊल दोन दगडांच्या फटीत जातं. प्रवाह पाठीमागून ढकलत राहतो, शरीर पुढे वाकतं आणि डोकं पाण्याखाली जातं. चांगल्या पोहणाऱ्यालाही यातून सुटता येत नाही. बसल्या बसल्या ढुंगण तळाला लागेल इतकं उथळ आणि संथ पाणी आल्यावरच उठायचं.

पडलेलं झाड पाण्यात आडवं दिसलं तर नियम उलटा. झाडाच्या फांद्यांतून पाणी निघून जातं, माणूस अडकतो. पालथे व्हा, जोरात पोहून बाजूला जा. टाळता येत नसेल तर फांद्यांवर स्वतःला चढवा, खाली जाऊ नका. पावसाळ्यात अशी झाडं वाहून येतात.

गाइड दोरीची पिशवी फेकेल. पिशवी नाही, दोरी धरायची. ती हाताला गुंडाळायची नाही, कारण सोडायची वेळ आली तर सुटली पाहिजे. दोरी छातीशी धरून पाठीवर राहा, तोंड ओढणाऱ्याच्या विरुद्ध दिशेला, म्हणजे पाणी चेहऱ्यावर येणार नाही. सेफ्टी कयाकवाला आला तर त्याच्या होडीचं पुढचं किंवा मागचं कडं धरा, त्याच्यावर चढू नका.

आणि दुसरं कुणी पडलं, तर त्याला आत घेताना हात धरून ओढू नका. जॅकेटचे दोन्ही खांद्यांचे पट्टे धरा, गुडघे राफ्टच्या कडेला टेकवा आणि स्वतः मागे पडत त्याला आत घ्या. अंगावरच येईल, येऊ द्या. हे एका सडपातळ मुलीलाही थोराड माणसासाठी करता येतं.

संथ पाण्यात

जोराचं पाणी संपल्यावर गाइड ‘उतरा’ म्हणतो, जॅकेटवर तरंगत जायला देतो. पोहता न येणाऱ्यांनीही उतरावं, राफ्टची दोरी धरून. काही जण शेवटच्या टप्प्यात पॅडलबोर्ड किंवा कयाकही देतात. पॅडलबोर्डला घोट्याला बांधायची दोरी असते, ती समुद्रात आणि तलावात ठीक. वाहत्या नदीत ती दगडात अडकून माणसाला पाण्याखाली धरून ठेवू शकते. नदीवर कमरेला बांधलेली, एका झटक्यात सुटणारी दोरीच मागा. तशी नसेल तर अगदी स्थिर पाण्यातच बोर्डवर चढा.

बाहेर आल्यावर

कोरडे कपडे राफ्ट संपते तिथे गाडीत असतील अशी सोय आधीच करा, तळापर्यंत ओल्यानं यावं लागलं तर हिवाळ्यात हुडहुडी भरते. हातापायांवर खरचटलं असेल ते साध्या पाण्यानं धुऊन औषध लावा. दुसऱ्या दिवशी पाठ आणि दंड दुखतील. डोक्याला मार लागला असेल आणि मळमळ, गुंगी वाटत असेल, तर मात्र जेवणाची वाट न बघता रोह्याला डॉक्टर गाठा.

राफ्टिंगनंतर ‘आलोच आहोत तर देवकुंड करून येऊ’ असा बेत बऱ्याच गटांत निघतो. भिऱ्याजवळचा हा धबधबा सुंदर आहे, पण तिथे बुडून माणसं गेलेली आहेत आणि पावसाळ्यात प्रशासन तिथे जायला बंदी घालतं. दोन तास वल्हवून थकलेल्या पायांनी तिथली चाल करू नका. वेगळा दिवस काढा. जेवा, अर्धा तास पडा आणि जो सगळ्यात कमी थकला आहे त्याला गाडी चालवायला द्या. रविवारी संध्याकाळी वडखळपर्यंत गाड्यांची रांग लागते आणि ताम्हिणीत धुकं उतरतं, त्यामुळे तीनच्या आत निघालेलं चांगलं.